केव्हा वापरू नये

त्यानं विचारलं होतं. सकाळी साडेदहाला त्याच्या नोंदींच्या लॉगमधली ती ओळ वाचली आणि हातातला कप टेबलावर ठेवायला गेले तर टेबल जरा लांबच निघालं. चहा सांडला, कीबोर्डखाली गेला, आणि मी रुमालानं टिपत बसले, आज दिवसभर तेवढंच काम असल्यासारखी. सहा दिवस आमच्या मजल्यावर सगळे एकच म्हणत होते, की त्याला काय कळतंय, प्रोग्रॅम तो, दार बंद दिसलं आणि केलं सुरू. मीही म्हणत होते. म्हटलं की बरं वाटायचं. आणि आता समोर स्वच्छ लिहिलेलं होतं : ‘अडथळा माझ्या कोणत्याही कृतीशिवाय दूर झाला. डॉक्युमेंटेशनमध्ये शोध : दार बंद असताना आत माणूस असू शकतो का? निकाल : शून्य.’ त्याच्याखाली : ‘उलट सूचना नाही. दार बंद. “पुढे चालू” वापरत आहे.’ आणि वेळ, दुपारी दोन वाजून सतरा मिनिटं अकरा सेकंद. बाराव्या सेकंदाला खालच्या शेडमधल्या फिटरमामांचा डावा हात रोबोट आणि लोखंडी साचा यांच्या मधे सापडला. मनगट मोडलं, दोन बोटं चिरडली. बोटं राहतील म्हणाले डॉक्टर, पण मिटणार नाहीत. मी ती ओळ पुन्हा वाचली. निकाल शून्य. तो शून्य माझा होता. दुसऱ्या कुणाचाच नव्हता.

माझं काम सांगितलं की लोक ‘अच्छा अच्छा’ म्हणतात आणि मुलांच्या शाळेवर येतात. तेव्हा आधी सांगूनच टाकते. कारखान्यातला रोबोट हलवायला आता माणूस बटण दाबत नाही. एक एजंट असतो, म्हणजे प्रोग्रॅमच, पण आपलं आपण ठरवणारा. खालच्या शेडमधले लोक त्याला ‘मुकादम’ म्हणतात. या मुकादमापुढे टूल्सची यादी असते : पकड, सोड, वळ, थांब, पुढे चालू. कुठलं टूल कधी उचलायचं हे त्यानं ठरवायचं, आणि ठरवताना प्रत्येक टूलखाली लिहिलेलं वाचायचं. हे टूल काय करतं, त्याला काय द्यावं लागतं, केव्हा वापरावं, केव्हा वापरू नये. ते लिहिणारी मी. याआधी नऊ वर्षं मी मिक्सर, गिझर आणि इस्त्री यांच्या माहितीपुस्तिका लिहिल्या. त्या कुणी वाचत नाही. मिक्सर बाहेर येतो आणि पुस्तिका खोक्यासकट माळ्यावर जाते. आमच्या आईनं तर पोटच्या पोरीनं लिहिलेल्या पुस्तिकेवर चार वर्षं तेलाची बाटली ठेवली. त्यामुळे मुकादम आला तेव्हा मी मनातून हुरळले होते, खोटं कशाला बोलू. अखेर एक वाचक मिळाला, जो शब्दन्‌शब्द वाचतो, पान उलटत नाही, ‘तुम्हाला असं म्हणायचं असेल’ म्हणून आपल्या मनाचं घुसडत नाही. आपण लिहिलं ते त्याच्यासाठी आहे, आपण लिहिलं नाही ते नाही. असा वाचक मिळावा म्हणून लोक देव पाण्यात घालतात.

साडेअकराला आटोपशीर येऊन कागद ठेवून गेले. आटोपशीर म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. ‘कसं, आटोपशीर हवं’ हे ते इतक्यांदा म्हणतात की त्यांचं खरं आडनाव नव्या मुलींना ठाऊकच नसतं. माणूस वाईट नाही. एखादा लांबलेला परिच्छेद दिसला की त्यांना पायात खडा गेल्यासारखं होतं, एवढंच. कागदावर दोन वाक्यं होती. ‘पुढे चालू या टूलचं डॉक्युमेंटेशन अचूक आणि पूर्ण होतं. अपघात कर्मचाऱ्यानं दार आतून लावल्यामुळे, म्हणजे नियमभंगामुळे झाला.’ खाली माझ्या नावाची जागा. चार वाजता चौकशीची बैठक, सुरक्षा अधिकारी मॅडम येणार, तिथे सही करून द्यायची. मी विचारलं, नियमभंग ठरला की मामांचं काय होतं? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले की नियमभंगाला एकच उत्तर असतं, आणि ते आपल्या हातात नाही. म्हणजे कामावरून कमी. निवृत्तीला एक वर्ष चार महिने राहिलेला माणूस, एक हात गळ्यात बांधलेला. मी त्यांना लॉगमधली ओळ दाखवायला तोंड उघडलं, पण तोवर ते दारापर्यंत पोचले होते आणि मला हाक मारवेना. मी खणातून निळी वही काढून पर्समध्ये टाकली. पाच मिनिटांनी पर्समधून काढून परत खणात ठेवली. मग बेसिनवर जाऊन उगाच हात धुतले, आणि परत येऊन वही पुन्हा पर्समध्ये टाकली.

त्या वहीत काय आहे हे सांगायचं तर आधी आमच्या न्हाणीघराची कडी सांगायला हवी. हसाल, पण सांगते. ती कडी बारा वर्षांपूर्वी मोडली. सुताराला आज बोलावू, उद्या बोलावू असं करता करता आईनं रीतच पाडली : आत जाताना टॉवेल दारावर बाहेरच्या बाजूला टाकायचा. टॉवेल दिसला की आत कुणीतरी आहे. घरात मोजून चार माणसं, मी, ताई, आई, तेव्हा बाबाही होते, कुणाला कधी अडचण झाली नाही. मग ताईचं लग्न झालं आणि भावजी पहिल्यांदा मुक्कामाला आले. आले ते आले, सकाळी टॉवेल बाजूला सारून दार ढकललं. आत आई, डोक्याला साबण. पुढचं वर्षभर भावजी आमच्याकडे फिरकले नाहीत. ताई भांडली, आई म्हणाली, टॉवेल दिसत होता ना त्यांना? आणि भावजींचं सगळ्यांना एकच उत्तर, अगदी रडवेलं : ‘पण मला कुणी सांगितलं?’ आईला ते अजून पटलेलं नाही. त्यात काय सांगायचं, म्हणते. सगळ्यांना माहीत असतं. मीही तेव्हा पोट धरून हसले होते. आज मात्र ती आठवण आली आणि भावजींचा चेहराच डोळ्यांपुढून हलेना, लालबुंद, रडवेला.

वर्षभरापूर्वी, मुकादम यायच्या आधी, मी खालच्या शेडमध्ये आठवडाभर बसले होते. रोबोट कसा चालतो ते बघून लिहायचं होतं. मला फिटरमामांच्या हवाली केलं होतं. जाळीच्या पिंजऱ्यात दोन रोबोट शेजारी शेजारी, एक पत्रा उचलून साच्यावर ठेवायचा, दुसरा त्याच्यावर गोंद ओढायचा. मामा मला पहिल्या दिवशी ‘मॅडम’ म्हणाले, दुसऱ्या दिवशी ‘ताई’. तिसऱ्या दिवशी पत्रा अडकला. मामांनी डोक्यावरची निळी टोपी काढली, जाळीच्या दाराच्या कडीला बाहेरून अडकवली, आत शिरले आणि दार आतून ओढून घेतलं. मी घाबरले. लिखित नियम असा की आत माणूस असेल तर दार उघडं ठेवायचं. दार उघडं असलं की दोन्ही रोबोट मेल्यासारखे उभे राहतात. मामा बाहेर आल्यावर हसून म्हणाले, नियम लिहिणाऱ्याला गोंद माहीत नाही. दार दहा सेकंदांच्या वर उघडं राहिलं की थांबलेल्या गोंदवाल्या रोबोटच्या नळीत गोंद वाळतो, आणि मग अर्धा दिवस सगळे नळी खरवडत बसतात. म्हणून दार लावून घ्यायचं आणि टोपी टांगायची. सुरू करणारा आधी टोपी बघतो. सुपरवायझरलाही ठाऊक, त्याच्या वरच्यालाही. आणि नळी वाळली की ओरडणारे तेच.

‘टोपी दिसली की माणूस आत,’ मामा म्हणाले. ‘आणि ज्यानं लावली त्यानंच काढायची. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, मालकाचा बाप आला तरी.’ एकदा म्हणे एक वेल्डर ताप भरला म्हणून टोपी विसरून घरी गेला. सगळ्यांना दिसत होतं की आत कुणी नाही, जाळीच ती, आरपार दिसते. तरी कुणी टोपीला हात लावला नाही. त्याला तापासकट बोलावून आणला, त्यानं टोपी काढली, मग काम सुरू झालं. मी खदाखदा हसले आणि त्यांना आमचा टॉवेल सांगितला. तेही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग मी सगळं वहीत उतरवलं आणि विचारलं, की उद्या बटण दाबणाऱ्याला टोपी दिसणारच नसेल तर? त्याला डोळे नाहीत तसले. मामांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. म्हणाले, ‘मग तुम्ही सांगा की त्याला. तुम्हीच बोलणार ना त्याच्याशी? फक्त लिहू नका हं कुठे, ताई. वरच्यांच्या कागदात दार उघडंच असतं.’ मी मान हलवली. सांगा, पण लिहू नका. त्याला सांगायचं म्हणजे लिहायचंच असतं, दुसरी वाटच नसते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं. आणि तरी मी मान हलवली. का हलवली? कारण माणूस चांगला होता, उन्हं कलली होती, त्यांनी मला स्वतःच्या डब्यातलं अर्धं दिलं होतं, आणि कुणी विश्वासानं काही सांगितलं की माझी मान आपोआप हलते. लहानपणापासूनची खोड आहे. आई म्हणते, हिच्या पोटात गोष्ट राहते म्हणून लोक हिच्या पोटात दगडही घालतात.

लिहिलं मात्र होतं मी. अगदीच काही पाप केलं नव्हतं. ‘पुढे चालू’खाली ‘केव्हा वापरू नये’मध्ये मी घातलं होतं : ‘दार बंद असलं तरी आत माणूस असू शकतो. अडथळा आपोआप दूर झालेला दिसला तर तो माणसानंच काढलेला असतो. दाराच्या कडीला टोपी नाही ना, हे शेडमधल्या माणसाला विचारल्याशिवाय सुरू करू नये.’ तीन वाक्यं. मामांचं नाव नाही, काही नाही. आटोपशीरांनी त्यावर पिवळी खूण केली आणि बाजूला लिहिलं : ‘हे टूलचं वर्णन नाही, माणसांच्या सवयीचं आहे. आटोपशीर करा.’ आता मी भांडकुदळ म्हणून प्रसिद्धच आहे. ‘केव्हा वापरू नये’ हा भागच असू नये म्हणत होते ते, तो राहावा म्हणून मी तीन आठवडे भांडले, अखेर जिंकले. त्या दिवशी पुन्हा भांडायचं जिवावर आलं. पण एवढंच असतं तर मी भांडले असते. खरं कारण दुसरं. ती पिवळी खूण बघून मला हायसं वाटलं. चला, मामांना दिलेला शब्दही राहिला आणि काढायचा दोषही माझ्यावर नाही. मी डिलीटवर बोट ठेवलं, तिन्ही वाक्यं गेली. पुसताना आवाजसुद्धा होत नाही. मग मी पाण्याची बाटली भरायला गेले होते, हेही आठवतंय.

काल मामांना बघायला गेले. घरी आणलंय त्यांना. दोन खोल्या, खिडकीशी पलंग, हाताला उशीचा आधार. मामी कप त्यांच्या तोंडाशी धरत होत्या आणि ते चिडत होते, अगं उजवा शाबूत आहे माझा. मला बघून उठायला लागले. मी मूर्खासारखी म्हणाले, कसं वाटतंय. ते म्हणाले, बोटं रात्रंदिवस ठणकतात, एरवी मजेत. मला वाटलं होतं ते मुकादमाला शिव्या घालतील. मी वाट बघत होते, म्हणजे मलाही दोन घालता आल्या असत्या. तर म्हणाले, त्या बिचाऱ्याचा काय दोष, त्याला जेवढं सांगितलं तेवढं तो करतो. आणि मग, मामी आत गेल्यावर, अगदी हळू : ‘ताई, वहीत आहे ना ते तुमच्या?’ मी हो म्हटलं. ‘त्याला सांगायचं राहिलं वाटतं,’ ते म्हणाले. एवढंच. रागावलेसुद्धा नाहीत. रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. जिना उतरताना मी मधल्या पायरीवर बसले, आणि वर जाणाऱ्या एका बाईनं मला पाणी हवं का विचारलं.

आणि तरीही, काल घरी येऊन, मी स्वतःशी हिशेबच मांडत होते. वही दाखवली तर मामा दार आतून लावायचे हे माझ्याच हातानं सिद्ध होणार. नाही दाखवली तरी दार आतून लावलेलं होतं हे सगळ्यांनी पाहिलंच होतं. मग दाखवून काय फरक? असा युक्तिवाद करून मी झोपलेही. म्हणजे बघा, माझं मन किती हुशार आहे. फरक होता, तो आज सकाळच्या ओळीनं दाखवला. एकट्या मामांची ती चूक नव्हती, सगळ्या शेडची रीत होती. आणि ज्यानं विचारलं त्याला उत्तर देता येईल अशी सगळ्या कारखान्यात एकच व्यक्ती होती, आणि तिनं उत्तर पुसून पाण्याची बाटली भरली. तीन वाजले. साडेतीन. आईचा फोन आला, निघताना दार लावलंस का विचारायला; रोज येतो. रोज मी वैतागून हो म्हणते. आज म्हटलं, ‘आई, भावजींचं बरोबर होतं गं.’ ती म्हणाली, बरं वाटत नाहीये का तुला, आणि मग लगेच, ‘सुताराला सांगू का?’ मी सांग म्हटलं.

बैठकीत आम्ही चौघं. आटोपशीर, शेडचा सुपरवायझर, मी आणि सुरक्षा अधिकारी मॅडम. बारीक चणीच्या, चष्मा कपाळावर, कुणाकडेही न बघता कागद उलटणाऱ्या. त्यांनी सगळ्यांसमोर अहवाल ठेवला. पहिल्याच पानावर फोटो होता, अपघातानंतर अर्ध्या तासात काढलेला : जाळीचं दार. खाली लिहिलं होतं, ‘दार बंद स्थितीत.’ आटोपशीरांनी माझ्याकडे पेन सरकवलं. मी सही करायला कागद ओढला, खरंच ओढला, खोटं नाही सांगत, आणि ओढताना नजर त्या फोटोवर गेली. कडीला निळं काहीतरी होतं. मी पेन बाजूला सारलं.

‘मॅडम, फोटोत हे कडीला काय आहे?’ मी विचारलं.

त्यांनी चष्मा खाली घेतला, बघितलं. ‘फडकं असेल. पुसायचं.’

सुपरवायझर टेबलाकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. मी वही काढली. पानं सापडेनात. मग सगळं सांगितलं : टोपी, गोंद, दहा सेकंद, तापातला वेल्डर. मग लॉगमधली ओळ वाचली, आणि मग ती तीन वाक्यं, जुन्या प्रतीत तारखेसकट अजून होती.  आटोपशीर म्हणाले की डॉक्युमेंटेशनमध्ये टोप्या घालायला लागलो तर उद्या चपलाही येतील.  मॅडमनी सुपरवायझरला विचारलं, ही रीत खरी आहे का?  त्यानं होकारार्थी मान हलवली. मग त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

‘ही वाक्यं कुणी काढली?’

आटोपशीरांनी हातातला कागद खाली ठेवला. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला, आणि मला त्यांची दया आली, त्या वेळीसुद्धा.

‘मी,’ मी म्हटलं. ‘यांनी काढा म्हटलं. पण मला माहीत होतं, आणि काढली मीच.’

मॅडमनी कागदावरचा ‘नियमभंग’ हा शब्द पेन्सिलीनं गोल केला, खोडला नाही. म्हणाल्या, सगळ्यांची रीत होती म्हणता, त्याला तुमच्या वहीपलीकडे काही आधार आहे का? सुपरवायझर तर उद्या फिरेलही. त्यात कडवटपणा नव्हता, त्यांचं कामच ते. माझ्याकडे आधार नव्हता. मी म्हटलं, खाली चला.

जिना उतरून शेडमध्ये आलो. सहा दिवस मी तिकडे फिरकले नव्हते. बाकीची यंत्रं चालू होती, गोंदाचा तो आंबट वास तसाच होता. मामांचा पिंजरा तेवढा बंद, चौकशी होईपर्यंत. जाळीतून रोबोट दिसत होता, अर्ध्यात थांबलेला. आणि कडीला टोपी होती. तीच. सहा दिवसांची धूळ बसलेली, आतल्या पट्टीवर घामाचा पांढरा डाग. सहा दिवस तिच्यासमोरून साफसफाईवाले गेले, इंजिनिअर गेले, फोटो काढणारे गेले, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी तिला शिवलं नाही, आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांना ती दिसली नाही. आम्हाला बघून एकेक यंत्र थांबलं. माणसं जरा लांब उभी राहिली, हात पुसत. मॅडम दारापाशी गेल्या, वाकून बघितलं, आणि पुरावा म्हणून घ्यायला त्यांनी टोपीकडे हात नेला.

‘हात नका लावू, मॅडम,’ मागून कुणीतरी म्हणालं. आवाज चढलेला नव्हता. ‘मामा आत आहेत अजून.’

मॅडमनी जाळीतून आत बघितलं. आत कुणी नव्हतं. त्यांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हात मागे घेतला.